ताई, घर मीच सोडलं, मग रडू का येतं?

प्रश्न : ताई, मी 37 वर्षांची, इंदूरला आईकडे राहते. नवऱ्याचं घर सोडून आठ महिने झाले, त्रासच तेवढा होता. तरी त्याची आठवण येते, रोज पहाटे तीनला जाग येते, जेवण जात नाही, शाळेत शिकवता शिकवता डोळे भरतात. आई म्हणते, तूच सोडलंस ना, मग रडतेस कशाला. मला वेड लागतंय का?

उत्तर : वेडबिड काही नाही गं. माणूस वारला की तेरा दिवस घर भरलेलं असतं, शेजारून पिठलं-भात येतो, रडलं तर कुणी का म्हणून विचारत नाही. पण नवरा जिवंत आहे, उद्या राजवाड्यावर समोर येऊ शकतो, त्याच्यासाठी रडायची आपल्याकडे रीतच नाही, म्हणून आई तसं बोलते. 1967 साली होम्स आणि रे या दोन अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यातल्या ताणांना मार्क दिले होते, जोडीदाराच्या मृत्यूला 100, घटस्फोटाला 73, वेगळं राहण्याला 65, आणि तुरुंगात जाण्याला 63! हे आईला जरूर सांग.

आणि आठवण येते म्हणजे परत जायचंय असं नाही. बऱ्याचदा ती त्याची कमी आणि रविवारच्या पोहे-जिलबीची, सोबतच्या चहाची जास्त असते. सुटल्यासारखं वाटणं आणि रडू येणं एकाच दिवशी होऊ शकतं, त्यात खोटं काही नाही.

पण झोप, भूक, रडू हे सगळं रोज दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर मात्र नुसतं दुःख म्हणून सोडू नकोस, डिप्रेशन असू शकतं. मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे जा, ते बहुतेक थायरॉइडही तपासायला सांगतील. गोळी दिली तर पहिल्या आठवड्यात काही फरक वाटणार नाही, दोन-चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही, हळूहळू कमी करतात ती. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. कधी जगूच नये असं वाटलं तर सकाळची वाट बघू नकोस, आईला उठव आणि तेव्हाच फोन लाव.

कोर्टाचं म्हणशील तर हिंदू विवाह कायद्यात संमतीनं घटस्फोटाचा अर्ज करायला एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं, म्हणजे अजून चार महिने हातात आहेत. तेवढ्यात आधी झोप जागेवर आण, तीनला उठलेल्या डोक्यानं कशावर सह्या करू नकोस. आणि हे पान आईला वाचायला दे, पण चहा झाल्यावर.