नाशिकवरचा धुरकट थर लेसरने मोजता येतो का?

हिवाळ्यात पहाटे पांडवलेणीवरून शहरावर करडा पट्टा दिसतो, तो लेसरने मोजता येईल का आणि मोबाईलवरच्या पीएम २.५ च्या (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांच्या) आकड्यापेक्षा त्यातून वेगळं काय कळेल, असं तुम्ही विचारलंय. मी भौतिकशास्त्र शिकवतो. विषय माझ्या फार आवडीचा आहे.

मोजता येतो. मोबाईलवरचा आकडा जमिनीलगतच्या हवेचा असतो. थर कुठवर चढलाय, त्याच्या वर आणखी एखादा थर आहे का, हे त्यातून कळत नाही. लायडार, म्हणजे लेसरचा रडारसारखा वापर करणारं यंत्र, त्यातून ते कळतं. लेसरचा काही अब्जांश सेकंदांचा झोत वर सोडायचा आणि कणांवरून मागे विखुरलेला प्रकाश दुर्बिणीने गोळा करायचा. १० मायक्रोसेकंदांनी परतलेला प्रकाश दीड किलोमीटर उंचीवरचा. असं करत खालपासून वरपर्यंतचा सगळा आलेख मिळतो.

मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरी एकाच ठरावीक दिशेत कंप पावणं. धुळीचे कण वेडेवाकडे असतात, त्यांच्यावरून परतताना प्रकाशाचं ध्रुवण बिघडतं. दमट हवेत फुगलेले धुराचे कण जवळपास गोल, त्यांच्यावरून ते फारसं बिघडत नाही. त्यामुळे वर तरंगणारी धूळ दुरून आलेली की खालचा शेकोट्यांचा, कचऱ्याचा धूर, हा फरक करता येतो.

पण लायडार प्रकाश मोजतो, वजन नाही. कण प्रकाश किती अडवतात आणि किती मागे फेकतात याचं गुणोत्तर समुद्री मिठासाठी साधारण २०, तर धुरासाठी ७० च्या आसपास असतं. ते चुकीचं धरलं की पुढचं सगळं गणित चुकतं. रामन लायडार हवेतल्या नायट्रोजनकडून येणारा प्रकाशही मोजतो आणि नायट्रोजन किती आहे हे आधीच ठाऊक असतं, म्हणून त्याला हे गुणोत्तर गृहीत धरावं लागत नाही.

नाशिकसाठी खरी अडचण वेगळीच आहे. रात्री जमीन गार पडते, तिच्या लगतची हवाही गार होते, वर उबदार हवा राहते आणि धूर खालीच कोंडतो. नेमक्या त्याच खालच्या शे-दोनशे मीटरमध्ये बऱ्याच लायडारच्या दुर्बिणीला झोत पूर्ण दिसत नाही. म्हणून झोत तिरपा सोडावा किंवा ढगांची उंची मोजणारं सिलोमीटर वापरावं.

जुनी उपग्रह मोजणी हवी असेल तर कॅलिप्सो या लायडार वाहणाऱ्या उपग्रहाची २००६ ते २०२३ ची माहिती मोफत मिळते. मात्र त्याचा मार्ग अगदी अरुंद पट्ट्याचा, त्यामुळे तो नेमका शहरावरून गेला होता का ते आधी तपासा. त्यातही पहाटेच्या या थरासाठी मी जमिनीवरच्या यंत्रावरच जास्त भरवसा ठेवेन.