२००१ पहिल्यांदा बघतोयस ना, मग हे वाच

अरे, '२००१: अ स्पेस ओडिसी' मोबाईलवर अजिबात नको, मोठ्या टीव्हीवर लाव, अंधार कर, आणि आपल्याकडे पावसात लाईट कधी जाईल नेम नाही तेव्हा इन्व्हर्टर चार्ज आहे ना बघ, कारण हा पिक्चर मधेच तुटला की मजाच जाते. सुरुवातीची जवळजवळ २५ मिनिटं कोणी एक शब्द बोलत नाही, तिथे फॉरवर्ड करू नकोस. हाड वर उडतं आणि थेट अंतराळ, तो कट नीट बघ! दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकने हा १९६८ ला आणला, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या आधी, कॉम्प्युटर ग्राफिक्सशिवाय. तो अंतराळवीर गोल गोल धावतो ना, तो अख्खा सेटच खरोखर फिरवलाय, मला आजही विश्वास बसत नाही. बाहेर पोकळीत फक्त श्वास ऐकू येतो, रात्री खाडीत होडीचं इंजिन बंद केल्यावर वाटतं ना, तसं. आणि हॅल, त्या यानातला बोलणारा कॉम्प्युटर! मला तर सगळ्यांत तोच जास्त माणूस वाटतो. शेवट नाही कळला तर लगेच यूट्यूबवर शोधू नको, दोन दिवस डोक्यात राहू दे, मग आर्थर सी. क्लार्कची याच नावाची कादंबरी वाच, बरंच उलगडतं, फक्त तिच्यात यान शनीकडे जातं, पिक्चरमध्ये गुरूकडे.