वाचकांचे प्रश्न: टायर थकल्याचे हाताला कसे कळते?

रेसिंग सिम्युलेटरविषयीची तीन पत्रे या वेळी मराठवाड्यातून आली आहेत. तिघांचाही रोख एकाच गोष्टीकडे आहे: पडद्यावरच्या गाडीचे टायर हाताला खरे वाटावेत यासाठी काय जुळून यावे लागते? पहिल्या पत्राचे उत्तर सविस्तर दिले आहे, कारण पुढच्या दोन्ही उत्तरांचा आधार त्यात आहे.

प्रश्न (लातूर): महोदय, मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॉजिटेक जी29 या स्टिअरिंगवर 'असेटो कोर्सा' खेळतो. स्टिअरिंग जितके जड तितके ते खरे, असे समजून फोर्स फीडबॅक (स्टिअरिंगमधली मोटर हाताला देते ते बल) पूर्ण ठेवला आहे. तरीही वेगवान वळणात गाडीचे नाक अचानक बाहेर जाते आणि त्याआधी हाताला काहीच कळत नाही. दोष खेळाचा आहे की स्टिअरिंगचा?

उत्तर: दोष दोघांचाही नाही, जुळणीचा आहे. तो समजण्यासाठी टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथपासून सुरुवात करावी लागेल.

वळणात टायरचे तोंड ज्या दिशेला असते आणि तो प्रत्यक्ष ज्या दिशेला जातो, त्या दोन दिशांमध्ये थोडा कोन पडतो. त्याला स्लिप अँगल म्हणतात. रस्त्याला टेकलेल्या रबराच्या ठशात पुढच्या कडेचे रबर नुकतेच खाली आलेले असते, त्यामुळे ते कमी ताणलेले असते. मागच्या कडेकडे जाताना ताण वाढत जातो. साहजिकच गाडीला आत ओढणारे एकूण बल ठशाच्या मध्यावर न लागता थोडे मागे लागते आणि ते चाकाला सरळ करू पाहते. हातांना जो जडपणा जाणवतो, त्याचा मोठा भाग हाच असतो. आता स्लिप अँगल आणखी वाढला की ठशाची मागची कड आधी घसरू लागते, बलाचे केंद्र पुढे सरकते आणि चाक सरळ करणारा पीळ कमी होतो. महत्त्वाची बाब अशी की हा पीळ उतरणीला लागतो तेव्हा टायरची पकड अजून शिखरावर पोहोचलेली नसते. म्हणजे स्टिअरिंग किंचित हलके पडते त्या क्षणी टायरमध्ये थोडी पकड शिल्लक असते, आणि चालकाला मिळणारी पूर्वसूचना ती हीच. डेल्फ्ट विद्यापीठातील हान्स पासेयका यांचे नाव ज्या सूत्राशी जोडले गेले आहे, त्या 'मॅजिक फॉर्म्युला'त आडवे बल आणि हा पीळ यांचे आलेख वेगवेगळे काढलेले असतात, आणि दोघांची शिखरे वेगवेगळ्या कोनांवर येतात.

आता आपल्या टेबलावरच्या स्टिअरिंगकडे येऊ. जी29 जास्तीत जास्त सुमारे 2 न्यूटन-मीटर पीळ देऊ शकते. स्लिक (खाचा नसलेल्या गुळगुळीत) टायरच्या रेसिंग गाडीत याच्या कित्येक पट पीळ सहज येतो. आपण फीडबॅक पूर्ण ठेवला की वळणाच्या सुरुवातीलाच खेळ मोटरच्या कुवतीबाहेरचे बल मागू लागतो आणि मोटर आपल्या कमाल मर्यादेवर अडकून बसते. पुढे आलेखात शिखर येते, उतार लागतो, पण हे सारे मोटरच्या मर्यादेच्या वरच घडत असल्याने हाताला एकसारखा जडपणाच लागत राहतो. याला क्लिपिंग म्हणतात. जी पूर्वसूचना आपल्याला हवी आहे, नेमकी तीच त्यात कापली जाते.

उपाय सोपा आहे, मात्र तो संयमाने करावा लागतो. असेटो कोर्सात पेडल्स नावाची छोटी खिडकी उघडता येते. तिच्यातली फोर्स फीडबॅकची पट्टी क्लिपिंग होताच लाल होते. ज्या वळणात स्टिअरिंगवर सर्वाधिक भार येतो, अशा लांब आणि वेगवान वळणात ही पट्टी केवळ क्षणभर लाल होईल इतका फीडबॅक कमी करावा. प्रत्येक गाडीसाठी हा आकडा वेगळा निघतो, म्हणून मित्राचा आकडा उतरवून घेण्यात अर्थ नाही. सुरुवातीला स्टिअरिंग फुसके वाटेल. थोडा वेळ तसेच चालवावे, म्हणजे हात त्या हलक्या बलातले चढउतार वाचू लागतात. जी29 मध्ये मोटरचे बल दातेरी चाकांतून येते, त्यामुळे मध्याजवळची बारीक बले वाटेतच जिरतात. त्यासाठी मिनिमम फोर्स (मोटर देईल ते किमान बल) थोडा वाढवावा, पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंग आपोआप थरथरू लागले की एक पायरी मागे यावे.

त्याच खेळात पुढचे टायर घसरताना हलकेपणा मुद्दाम वाढवून दाखवणारी एक सोय आहे. माझ्या मते ती बंद ठेवावी. तिच्यामुळे गाडीबाहेरून जोडलेला इशारा वाचण्याची सवय लागते, आणि टायरचा स्वतःचा इशारा वाचायचा राहून जातो.

प्रश्न (वाळूज, छत्रपती संभाजीनगर): महोदय, मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. रात्री आम्ही काही सहकारी मिळून ऑनलाइन शर्यत लावतो आणि शर्यत लहान असल्याने टायरची झीज पाचपट ठेवतो. पडद्यावर रबर 90 टक्क्यांच्या वर शिल्लक दिसत असते, तरी फेरीला सेकंदभर जास्त लागू लागतो. इतके रबर असताना पकड कुठे जाते?

उत्तर: पकड म्हणजे शिल्लक रबराची जाडी, असे गृहीत धरल्यामुळे हा गोंधळ होतो. पकडीवर सर्वात मोठा अंमल तापमानाचा असतो. रेसिंग टायरच्या रबराच्या प्रत्येक मिश्रणाला एक ठरावीक तापमानपट्टा असतो. त्याखाली रबर कडक राहते आणि त्यावर गेले की पृष्ठभाग ओशट होऊन घसरतो. जास्त तापून थकलेला टायर थोडा थंड होऊ दिला तर पकडीचा काही भाग परत येतो, झिजलेले रबर मात्र परत येत नाही. शर्यतीत आपण एक फेरी हात आखडून चालवली आणि पुढची फेरी सुधारली, तर अडचण तापमानाची होती असे समजावे.

थंड किंवा जास्त घसरलेल्या टायरवर खोडरबराच्या चुऱ्यासारख्या रबराच्या वळकट्या तयार होतात, त्याला ग्रेनिंग म्हणतात. आतले रबर उकळीला येऊन फोड उठतात, ते ब्लिस्टरिंग. ब्रेक दाबल्यावर चाक अडकून एकाच जागी घासले की फ्लॅट स्पॉट पडतो. त्यानंतर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला हाताला धक्का बसतो आणि वेगाबरोबर धक्क्यांची गती वाढते. 'आरफॅक्टर 2' मध्ये हा धक्का स्टिअरिंगवर फार स्पष्ट लागतो आणि ते सिम्युलेटर मला आवडण्याचे हे एक मोठे कारण आहे.

झीज कशी मांडावी, याबाबत सिम्युलेटर एकमेकांपेक्षा वेगळे आहेत. असेटो कोर्सात टायर जितके अंतर धावला, त्यावरून पकडीचा टक्का देणारी सारणी असते. घसरणे वाढले की ते अंतरही भरभर वाढते. आयरेसिंगमध्ये गाडी पिटमध्ये (टायर बदलण्याच्या थांब्यावर) थांबल्याशिवाय शिल्लक रबराचा आकडा दिसतच नाही आणि दिसतो तेव्हा आतली, मधली व बाहेरची अशा तीन भागांत दिसतो. मला हीच पद्धत अधिक प्रामाणिक वाटते, कारण धावत्या गाडीतल्या चालकाला टायरची जाडी डोळ्यांनी मोजता येत नसते. त्याला ती हातांनीच ओळखावी लागते.

ती ओळखायची कशी? एकच वळण निवडा. उजवी वळणे अधिक असलेल्या मार्गावर पुढच्या डाव्या टायरवर सर्वाधिक भार येतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर दहाव्या-अकराव्या क्रमांकाचा लांब उजवा वळसा आहे, तो या कामासाठी उत्तम. तिसऱ्या फेरीत त्या वळणात स्टिअरिंग किती फिरवावे लागते आणि ते कुठे हलके पडते, हे लक्षात ठेवा. टायर थकत जातो तसे त्याच वेगाला स्टिअरिंग जास्त फिरवावे लागते आणि हलकेपणा आधी येतो. नवखा चालक इथे आणखी स्टिअरिंग फिरवतो, त्याने घसरणे वाढते, घसरण्याने उष्णता वाढते आणि टायर अधिक वेगाने जातो. रिप्ले लावून स्टिअरिंगचा कोन दोन फेऱ्यांत ताडून पाहिला की हे डोळ्यांना दिसते. फेरीच्या वेळेवर मात्र विसंबू नका, कारण इंधन जळून गाडी हलकी होत असते आणि तो फायदा टायरचा तोटा काही काळ झाकून टाकतो.

आणखी एक फसवी गोष्ट सांगायला हवी. रबर पातळ झाले की ते कमी डुलते, म्हणून जुना टायर सुरुवातीला वळायला उलट अधिक तरतरीत वाटू शकतो. पण पातळ रबरात उष्णता साठत नाही. सरळ रस्त्यावर तो लवकर थंड होतो आणि वळणात चटकन तापतो, म्हणून त्याची पकड एका फेरीतच वरखाली होते. स्टिअरिंग चपळ लागते म्हणजे टायर चांगला आहे, असे म्हणूनच मानू नये.

पाचपट झिजेबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. त्यात रबर पाचपट वेगाने जाते, पण उष्णता मात्र पूर्वीच्याच गतीने वाढते आणि उतरते. दोघांचे खरे नाते त्यात तुटते. शर्यत लहानच ठेवायची असेल तर झीज मूळ प्रमाणात ठेवून मऊ मिश्रणाचे टायर घ्यावेत. मऊ टायर किती लवकर थकतो याचे उदाहरण त्याच बुद्ध सर्किटवर घडले आहे: 2013 च्या इंडियन ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीत सेबास्टियन वेटेलने सॉफ्ट म्हणजे मऊ टायरवर सुरुवात केली, दुसऱ्याच फेरीअखेर ते बदलून त्याहून कडक मीडियम घेतले आणि शर्यत जिंकली.

प्रश्न (परभणी): महोदय, मे महिन्यात दुपारी खेळताना अर्ध्या तासाने माझे स्टिअरिंग मऊ पडते. सिम्युलेटर टायरची झीज दाखवतो आहे असे मी समजत होतो, पण टायर बदलल्यावरही स्टिअरिंग तसेच मऊ राहते. असे का?

उत्तर: टायर बदलूनही फरक पडत नाही, याचा अर्थ थकली आहे ती मोटर. फोर्स फीडबॅकची मोटर सतत पीळ देताना तापते. ठरावीक तापमानानंतर अनेक स्टिअरिंगे स्वतःच्या बचावासाठी बल कमी करतात, आणि परभणीचा पारा 42 अंशांच्या पुढे असताना ती मर्यादा लवकर गाठली जाते. वरच्या लातूरच्या उत्तराप्रमाणे बल कमी ठेवले तर मोटरही कमी तापेल. स्टिअरिंगच्या मागची जाळी भिंतीला टेकवू नका, तिच्यावर साधा पंखा सोडा आणि लांब शर्यती रात्री खेळा.

खात्री करायची असेल तर मऊपणा जाणवताच शर्यत थांबवा, स्टिअरिंग वीस मिनिटे तसेच राहू द्या आणि त्याच झिजलेल्या टायरवर पुन्हा सुरुवात करा. जडपणा परतला तर मोटर तापली होती. परतला नाही, तर पुढच्या टायरचे तापमान तपासा.