विचारा ना बिनधास्त: घड्याळ नागपुरातच राहिलं

प्रश्न: ताई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पहिल्यांदाच देशाबाहेर गेलो, सिंगापूरला. मी, हे, आठवीतला पोट्टा अन् सासूबाई. टूरवाला नको, स्वतःच बुकिंग करू असा हट्ट माझा, म्हणून आता सगळं माझ्याच डोक्यावर फुटून राहिलं. रात्रभर विमानात जागून सकाळी आठला उतरलो, हॉटेलात गेलो तर म्हणे रूम तीन वाजता मिळेल, सासूबाई लॉबीतल्या सोफ्यावर बसल्या बसल्या घोरायला लागल्या. दुपारी लिटल इंडियात थाळी खाल्ली तर ह्यांचं कार्ड चालेचना, मशीन दर वेळी नाही म्हणे, शेवटी होते नव्हते ते कॅश डॉलर मोजून दिले. रूमवर आलो तं चार्जर भिंतीत जाईना, भोकं चौकोनी अन् आपली पिन गोल. दोन्ही फोन मेले. संध्याकाळी त्या गार्डन्स बाय द बे मधल्या मोठ्या झाडांचा लाइट शो बघायचा होता, पावणेआठचा. ह्यांच्या हातातलं घड्याळ बघून निघालो, पोचलो तेव्हा त्यात सहा पस्तीस झाले होते. अंधार पडला होता पण दिवाळीत नागपुरातही साडेसहाला अंधारच असते ना, कोणाला शंकाच आली नाही. तासभर बसलो. सासूबाई म्हणत होत्या की लोकं तर घरी चालले, मी म्हटलं थांबा हो आई. मग सिक्युरिटीवाल्याला विचारलं तर तो म्हणे शो कधीच संपला, दहा वाजून गेले! घड्याळ नागपूरच्याच टायमावर होतं. पुढचे चार दिवस मस्त गेले पण घरी कोणी विचारलं की हे फक्त पहिला दिवसच सांगतात, अन् पुढच्या वेळी टूरवाल्यासोबतच जायचं म्हणतात. तुम्हीच सांगा, चूक माझी होती का?
- एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर: बाप्पा, हसू आलं त्याबद्दल आधी माफी. चूक तुमची एकटीची नाही, घड्याळ तर त्यांच्याच हातात होतं ना! पण एक सांगते, तुम्ही हे चार घोटाळे वेगवेगळे मोजून राहिल्या, अन् त्यातला शो काही घड्याळामुळे हुकला नाही, तो पिनेमुळे हुकला. फोन जिवंत असता तर टाइम त्याने आपोआप बदलला असता, हातातल्या घड्याळाकडे कोणी बघितलंच नसतं.

तर आधी पीन. ती तीन चौकोनी पायांची पीन ब्रिटिश आहे, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, दुबई सगळीकडे तीच. गंमत म्हणजे आपली गोल पीनही ब्रिटिशांचीच, जुनी, त्यांनी ती घरातून कधीच काढून टाकली अन् आपण अजून धरून बसलो. व्होल्टेज तिकडे 230 च आहे म्हणून मोठं कन्व्हर्टर वगैरे काही लागत नाही, साधा अॅडॉप्टर पुरते, अन् तो सीताबर्डीत मिळते. राहिलाच घरी तर रिसेप्शनवर मागायचा, पुष्कळ हॉटेलांत ठेवलेला असते, नाहीतर रूममधल्या टीव्हीच्या मागे यूएसबीचं भोक असते त्यात फोनची वायर लावायची. फोन मेल्यावर टीव्हीची पाठ कोणी बघत नाही, मीही बघितली नव्हती.

घड्याळाचं म्हणाल तर सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. खरं तर त्या देशाच्या जागेप्रमाणे इतकं पुढे असायला नको, पण 1982 पासून त्यांनी घड्याळ अजून अर्धा तास पुढे ओढलं. त्यामुळे तिथे बाराही महिने सूर्य सातच्या आसपास उगवते अन् सातच्याच आसपास मावळते, दिवाळी असो की मे महिना. म्हणजे पूर्ण अंधार अन् घड्याळात साडेसहा, हे सिंगापुरात होतच नाही. अन् तो शो रोज दोनदा असते, पावणेआठ अन् पावणेनऊ, तुम्ही पोचल्या तेव्हा दुसराही आटोपला होता. सासूबाईंचं ऐकायला पाहिजे होतं!

कार्डाची गोष्ट मात्र निघायच्या आधी घरीच करायची. 2020 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, नवीन कार्ड फक्त देशातच चालू असते, बाहेरचा वापर आपल्याला बँकेच्या अॅपमधून सुरू करावा लागते. तिथे जाऊन करू म्हटलं तर ओटीपी येते आपल्या इकडच्या नंबरवर, अन् रोमिंग नसलं की बसा बोंबलत. अजून एक, मशीनने विचारलं की पैसे रुपयांत कापू का डॉलरमध्ये, तर डॉलरच दाबायचं. रुपये बघून बरं वाटते पण त्यात रेट वाईट लावतात.

रूम तीनला मिळणं हा घोटाळाच नाही, ते जगभर असंच आहे, टूरवाला असता तरी सकाळी आठला चावी मिळाली नसती, बसमध्ये फिरवलं असतं तुम्हाला. बॅगा काउंटरवर ठेवून घेतात. पण सोबत म्हातारं माणूस असलं तर आदल्या रात्रीपासून रूम घ्यावी असं माझं मत, एका रात्रीचे पैसे जातात, जाऊ द्या.

माझी तर बॅगच आली नव्हती. लंडनला उतरले अन् पट्टा फिरून फिरून बंद पडला. पहिला दिवस नवऱ्याच्या टी-शर्टात काढला, फोटो आहेत पण दाखवणार नाही. तेव्हा शिकले की विमानतळाच्या बाहेर पडायच्या आधी विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार करून नंबर घ्यायचा. बॅग उशिरा आली तर हाती आल्यापासून 21 दिवसांत लेखी भरपाई मागता येते, तुटकी आली तर 7 दिवसांत, मधल्या काळात घेतलेल्या कपड्यांची बिलं जपून ठेवायची. तेव्हापासून एक जोडी कपडे अन् औषधं माझ्या हातातल्या बॅगेतच असतात.

तर पुढच्या वेळी बुकिंग तुम्हीच करा, अन् पहिल्या दिवशी संध्याकाळचं काहीच ठेवू नका. घड्याळ मात्र विमानात बसल्या बसल्या ह्यांच्याकडून फिरवून घ्या.

प्रश्न: लेकीकडे दुबईला चालली आहे पहिल्यांदाच. घरचा सावजी मसाला दोन किलो नेऊ का? जावयाला फार आवडते.
- दिघोरीच्या एक काकू

उत्तर: काकू, थांबा! मसाल्यात खसखस आहे ना? दुबईत खसखशीवर बंदी आहे, अफूच्या झाडाचं बी म्हणून, अन् तिथले लोक ह्याच्यात गंमत समजत नाहीत. सिंगापुरातही तेच. पहिल्याच दिवशी विमानतळावर कस्टमवाल्याला सावजी रस्सा समजावून सांगत बसाल. अनारशांवरही खसखस असते, तेही नका नेऊ. मसाला तिथेच लेकीच्या मिक्सरवर करा, खसखशीच्या जागी काजू वाटा, जावयाला थोडा सौम्य लागेल तर मिरे दोन जास्त टाका.