मूळ गाणं भारी की कव्हर? तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही सहज विचारलं होतं की जुन्या मराठी गाण्यांची नवी कव्हर, म्हणजे दुसऱ्या कुणी पुन्हा गायलेली रूपं, ऐकता का आणि मूळ गाण्यापुढे ती कशी वाटतात. आलेल्या मेलपैकी निम्मे भांडणाचे होते आणि निम्मे 'आमचं भांडण सोडवा' म्हणणारे. जमतील तेवढे घेतोय, ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नका.

माझी मुलगी कॉलेजला आहे, गिटारवर 'शुक्रतारा मंद वारा'चं अनप्लग्ड व्हर्जन गाते. माझे वडील म्हणतात गाण्याची वाट लावली, मुलगी म्हणते आजोबांना नवीन काही चालतच नाही. मी मधल्यामधे अडकलोय. कोण बरोबर?
– एक वाचक, नाशिक

मुलीचं गाणं ऐकलेलं नाही त्यामुळे निकाल देत नाही, पण आजोबांना एकदा नीट विचारा की नेमकं काय खटकलं, गिटार की लय. कारण गिटारने काही बिघडत नाही हो. पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि अरुण दाते–सुधा मल्होत्रांचे आवाज हे झालं रेकॉर्डवरचं गाणं, पण दात्यांनी पुढे कित्येक वर्षं हेच गाणं स्टेजवर वेगवेगळ्या गायिकांना बरोबर घेऊन गायलं आणि लोकांनी दर वेळी तेवढ्याच प्रेमाने ऐकलं, त्यामुळे हे गाणं एकाच रूपात गोठलेलं कधी नव्हतंच.

खरी भानगड लयीची असते. अनप्लग्ड म्हटलं की लय अर्ध्यावर आणायची असा हल्ली नियमच झालाय, गाणं कुठलंही असो, आणि वर आवाज असा की गाणाऱ्याला नुकतंच झोपेतून उठवलंय. भावगीताची ओळ कशी असते, एका श्वासात एक पूर्ण वाक्य येतं. लय पाडली की श्वास पुरत नाही, मग गाणारा मिळेल तिथे श्वास घेतो आणि वाक्य नको तिथे तुटतं, शब्द सगळे कानावर पडतात पण अर्थ लागत नाही. त्यात परत कॉर्ड्स, म्हणजे गिटारवर एकदम छेडलेले सूर. खळ्यांची चाल ऐकायला सोपी, गायला बसलं की घाम फोडते, एखाद्या अक्षरावर सूर सरळ न येता बाजूने वळसा घालून येतो आणि तीच तर त्या गाण्याची जागा असते. तेच चार कॉर्ड गोल गोल फिरवत बसलं की तो वळसा कॉर्डशी भांडायला लागतो आणि गाणारा नकळत तो सरळ करून टाकतो. आजोबांना बहुतेक हेच टोचतंय, फक्त कुठे टोचतंय त्यावर त्यांना बोट ठेवता येत नसेल.

मुलीला म्हणावं एकदा गिटार बाजूला ठेव, नुसती टाळी देत मूळ लयीत आजोबांसमोर म्हण, जागा घोटून घे, मग परत गिटार उचल. पट्टी मात्र बिनधास्त स्वतःची घे, दुसऱ्याच्या पट्टीत घसा ताणण्यात काही मोठेपणा नाही.

मग हुबेहूब गायलं की झालं ना? आमच्या ऑर्केस्ट्रात एक जण आहे, डोळे मिटून ऐकलं तर साक्षात रफी.
– एक वाचक, ठाणे

स्टेजवर मजा येते, शिट्ट्या पण पडतात, पण घरी येऊन तुम्ही त्याचं रेकॉर्डिंग लावाल की रफीचं, खरं सांगा. ऐंशीच्या दशकात कॅसेटचा जमाना आला तेव्हा टी-सिरीजने जुन्या हिंदी गाण्यांच्या व्हर्जन कॅसेट, म्हणजे तीच गाणी दुसऱ्या गायकांकडून गाऊन घेतलेल्या, काढल्या, तेव्हाच्या कायद्यात त्याला वाट होती, कॅसेट स्वस्त होत्या आणि मूळ रेकॉर्ड गावोगावी मिळत नव्हत्या, म्हणून त्या धडाधड खपल्या. सोनू निगमसुद्धा 'रफी की यादें' गातच लोकांपर्यंत पोचला. पण आज मूळ गाणं मोबाईलवर एका सेकंदात वाजतं, तर हुबेहूब नक्कल हवीय कुणाला? माझ्या मते कव्हरचा सगळ्यात कमजोर प्रकार हाच. गाणं बिघडवणारा निदान काहीतरी करून तरी बघतो.

याच्या बरोबर उलट उदाहरण म्हणजे लताबाईंचा 'श्रद्धांजली', 1992 चा. सैगल, रफी, किशोर, मुकेश, हेमंतकुमार यांची गाणी बाईंनी स्वतःच्या आवाजात गायली. तेव्हा बरेच जण नाराज झाले होते, आणि सगळीच गाणी जमलीत असं मलाही वाटत नाही, काही ठिकाणी म्युझिक फारच गुळगुळीत झालंय. पण कुठेही सैगलसारखा नाकातला आवाज काढायला त्या गेल्या नाहीत. चाल तीच आणि गळा आपला, एवढं साधं पथ्य आहे ते.

गीतरामायण बाबूजींचंच ना? आमच्या सोसायटीत एक काका म्हणतात की ते मूळ नव्हेच.
– एक वाचिका, पुणे

काका बरोबर आहेत, आणि ते मिरवत असतील तर मिरवू द्या. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, दर आठवड्याला एक नवीन गाणं, असं वर्षाहून थोडं जास्त चालून 56 गाणी झाली. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, म्हणजेच बाबूजींचं, पण गाणारे वेगवेगळे होते, त्या त्या पात्राप्रमाणे. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, ललिताबाई फडके होत्या, राम फाटक होते. बाबूजींनी एकट्याने सगळी गाणी गायली ती नंतर, कार्यक्रमांतून आणि ग्रामोफोन रेकॉर्डवर. म्हणजे आपण सगळे जे मूळ म्हणून डोक्यावर घेतो ते खरं तर संगीतकाराने स्वतःच्याच गाण्यांचं केलेलं दुसरं रूप आहे.

आणि ते नुसतं पुन्हा गाणं नाहीये. रेडिओवर कौसल्या वेगळी, सीता वेगळी, दशरथ वेगळा, नाटकासारखं. एकच माणूस सगळं गायला लागला की तो पात्र राहतच नाही, कथेकरी होतो, सीतेचं दुःख सीता सांगत नाही तर सीतेची गोष्ट सांगणारा सांगतो. बाबूजींचे शब्दोच्चार एवढे स्वच्छ की कथेकऱ्याचं काम त्यांना फिट्ट बसलं. शिवाय रेडिओवरचं गाणं त्या आठवड्यात ऐकलं तर ऐकलं, रेकॉर्ड मात्र हवी तेव्हा लावता यायची, त्यामुळे कानात बसलं ते हे दुसरं रूप. तर उद्या कुणी गीतरामायणाचं कव्हर केलं आणि 'बाबूजींसारखं नाही' म्हणून तुम्ही नाक मुरडलंत, तर त्यात मूळचा प्रश्न येतच नाही, तुम्हाला सवय कशाची आहे एवढंच त्यातून कळतं.

बालगंधर्वांच्या जुन्या रेकॉर्ड ऐकल्या. माफ करा, पण आनंद भाट्यांनी 'बालगंधर्व' सिनेमात गायलेलं मला जास्त आवडतं. मी पापी आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

अजिबात नाही. भाट्यांना त्या सिनेमासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, तुमच्या बाजूने परीक्षक पण आहेत. फक्त तुलना करताना समोर काय आहे ते बघा. मिनिटाला 78 फेरे घेणारी तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. जे पद थिएटरात वन्समोअर घेत घेत रंगायचं ते त्यात कोंबायचं, म्हणजे तुम्ही ऐकताय ते पदाचं सार. 1925 च्या आसपास मायक्रोफोनवर रेकॉर्डिंग सुरू झालं, त्याआधी तर कर्ण्यासमोर उभं राहून जोर लावून गावं लागायचं, हळुवार काही केलं तर तबकडीवर उमटायचंच नाही. साथीचे वाद्यवालेही तसेच लांब किंवा मागे बसवायचे. गंधर्व नाटक कंपनीत तबल्याला अहमदजान थिरकवाँसारखा माणूस होता, पण जुन्या तबकड्यांवर तबला असा ऐकू येतो की शेजारच्या घरात कुणी दार ठोठावतंय.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. त्या काळातल्या सगळ्याच तबकड्या नेमक्या 78 च्या वेगाने कापलेल्या नसायच्या, शिवाय नंतर डिजिटल करताना मशीन थोडं पळालं की पट्टी वर जाते आणि आवाज बारीक होतो. त्यामुळे युट्यूबवर ऐकून 'बालगंधर्व एवढ्या वरच्या पट्टीत गायचे' असं छातीठोक म्हणणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका, एकाच पदाचे दोन अपलोड शेजारी लावून बघा, कधी कधी चक्क अर्ध्या सुराचा फरक निघतो.

आता तरीही त्या तबकड्या का ऐकायच्या ते सांगतो. 1916 च्या 'स्वयंवर' नाटकातलं 'नाथ हा माझा' घ्या, खाडिलकरांचे शब्द आणि भास्करबुवा बखल्यांची चाल. त्यात बालगंधर्व ताल अगदी हलकासा सोडून मागे राहतात आणि समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, अलगद येऊन मिळतात, रुक्मिणी लाजतेय ते त्या मागे राहण्यातून कळतं. भाटे हे सगळं जाणून गातात, लहानपणापासून 'आनंद गंधर्व' म्हणून ओळखले गेलेत ते काय उगाच नाही. पण सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळं कसं स्वच्छ, जागच्या जागी असतं, आणि मागे राहायला मोकळीक कमी मिळते. तुम्हाला भाटे आवडतात तर आवडू देत, तबकडीकडे फक्त त्या मागे राहण्यासाठी जा, खरखर काही वेळाने ऐकू येईनाशी होते.

चालच बदलली तर ते कव्हर म्हणायचं का? मला तर तो अपमान वाटतो.
– एक वाचक, सांगली

सांगलीकरांनी हे विचारावं? नाट्यसंगीताच्या गावचे तुम्ही! 'कट्यार काळजात घुसली' आठवा, 1967 चं नाटक. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन चालींत आहे, नाटकातल्या दोन गायकांपैकी पंडितजींच्या घराण्याची वेगळी आणि खाँसाहेबांची वेगळी, आणि दोन्ही संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांच्याच. शब्द दारव्हेकरांचे, तेच. नाटकातलं भांडणच दोन गायकींचं आहे, आणि ते भाषण न ठोकता चालींतून ऐकू येतं. 2015 च्या सिनेमात खाँसाहेबांसाठी राहुल देशपांडे गायले, म्हणजे नाटकात खाँसाहेब झालेल्या वसंतराव देशपांड्यांच्या जागी त्यांचा नातू, आणि तिथे लोकांनी आजोबा-नातू अशी तुलना लगेच सुरू केली, जी मला जरा अन्यायाची वाटते, वसंतराव स्टेजवर रोज वेगळं गायचे, नातवाला एकच टेक कायमचा चिकटला.

अभंगांचं तर विचारूच नका. 'भेटीलागी जीवा' खळ्यांच्या चालीत लताबाईंनी गायलंय, ते अप्रतिमच आहे, पण त्याआधी शेकडो वर्षं तुकोबांचे अभंग टाळ-मृदंगावर गायले जातच होते की. तिथे मूळ चाल कुठली म्हणणार? चाल बदलली म्हणून अपमान होत नाही, शब्द कळले नाहीत म्हणून होतो. तक्रार करायचीच असेल तर 'च' आणि 'ज'चे उच्चार मारून टाकणाऱ्यांविरुद्ध करा, मी पहिली सही करतो.

आमच्या ग्रुपला जुन्या भावगीतांची कव्हर रेकॉर्ड करून नेटवर टाकायचीत. एक जण म्हणतो 60 वर्षं झाली की गाणं फ्री होतं. खरं का?
– एक वाचिका, डोंबिवली

अर्धं खरं, आणि गोची उरलेल्या अर्ध्यात आहे. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा आणि शब्द-चालीचा हक्क वेगळा. रेकॉर्डिंग प्रसिद्ध होऊन 60 वर्षं उलटली की ते मोकळं होतं, पण शब्द आणि चाल मात्र कवी-संगीतकार गेल्यानंतर 60 वर्षं राखीव असतात. गदिमा 1977 ला गेले, म्हणजे त्यांचे शब्द 2037 संपेपर्यंत. बाबूजी 2002 ला गेले, त्यांच्या चाली त्याहून कितीतरी पुढे. तुम्ही कव्हर करता तेव्हा जुनी रेकॉर्ड वापरतच नाही, शब्द आणि चाल वापरता, त्यामुळे ती 60 वर्षांची सूट तुमच्या काही कामाची नाही. त्यापेक्षा 'स्वयंवर'मधली पदं गा, खाडिलकर 1948 ला आणि बखलेबुवा 1922 ला गेले, तिकडे मोकळं रान आहे.

2012 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात कव्हरसाठी वेगळं कलम आलं, 31 सी. मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं थांबायचं, आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची आणि ती किमान 50,000 प्रतींची, शब्द-चालीत मनमानी बदल करायचे नाहीत, आणि हे कव्हर आहे असं स्पष्ट लिहायचं. हे सगळं ऑडिओपुरतं, व्हिडिओला ते कलम लागू नाही. 50,000 प्रतींची रॉयल्टी हौशी ग्रुपला कुठली परवडायला, म्हणून बहुतेक जण सरळ हक्क असलेल्या कंपनीकडे परवानगी मागतात, किंवा युट्यूबवर टाकून देतात आणि मग कंपनीचा हक्काचा दावा (क्लेम) आला की जाहिरातीचे पैसे कंपनीकडे जातात. तुम्हाला पैसे कमवायचे नसतील तर त्यावर झोप उडवू नका, पण कंपनीने व्हिडिओ काढायला लावला तर भांडायलाही जाऊ नका. आणि वर्णनात कवी, संगीतकार आणि मूळ गायकाचं नाव टाका, नुसतं 'ओल्ड मराठी साँग' लिहिणारे डोक्यात जातात.

'झिंगाट' मराठी की हिंदी? एका वाक्यात सांगा, पैज लागलीय.
– चार वाचक, एकाच ऑफिसमधले, छत्रपती संभाजीनगर

मराठी. संगीत दोन्हीकडे अजय-अतुलचंच, ठोकाही तोच, त्यामुळे फरक शब्दांचा, आणि 'सैराट'मधले शब्द गावातल्या पोराच्या तोंडचे आहेत तर हिंदी 'धडक'मधले लग्नाच्या डीजेसाठी बसवल्यासारखे. वरातीत मात्र कुठलंही लावा, नाचणाऱ्याला फरक पडत नाही. पैज कितीची होती ते कळवा.