प्रयोगशाळेतले प्रश्न : २६०/२८० चांगला, तरी पीसीआर का अडतो?

प्रश्न : पालकाच्या पानांतून किटने डीएनए काढतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६०/२८० गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचं) १.८५ येतं, २६०/२३० मात्र ०.७. पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या क्रियेला) बँड येत नाही आणि जेलवर डीएनए रीडिंगपेक्षा बराच कमी वाटतो. चुकतंय कुठे? (एम.एस्सी. विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : १.८५ वर विसंबू नका. मिलिलिटरला १ मिलिग्रॅम दुहेरी साखळीचा डीएनए असेल, तर १ सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये (नमुना धरायच्या पारदर्शक भांड्यात) २६० नॅनोमीटरला शोषण २० भरतं. तेवढ्याच अल्ब्युमिन प्रथिनाचं २८० ला जेमतेम ०.६६. त्यामुळे बरंच प्रथिन मिसळलेलं असलं तरी हे गुणोत्तर फारसं हलत नाही, आणि पॉलिफिनॉल किंवा किटमधल्या ग्वानिडीन क्षाराबद्दल तर ते काहीच सांगत नाही.

तुमची खरी तक्रार ०.७ या आकड्यात आहे. स्वच्छ नमुन्यात तो २ च्या आसपास हवा. आधी २२० ते ३५० नॅनोमीटरचा पूर्ण स्कॅन घ्या. चांगल्या डीएनएचा आलेख २३० ला खाली बसतो, २६० ला चढतो आणि ३२० पर्यंत शून्याला टेकतो. २३० ला खळगाच नसेल, तर क्षार किंवा पानांतले पॉलिफिनॉल, पॉलिसॅकराइड सोबत आलेत. माथा २७० कडे सरकला असेल तर फिनॉलचा संशय घ्यावा. अर्थात तुमच्या किटमध्ये फिनॉल वापरत असतील तरच. ३२० ला रीडिंग उरत असेल तर नमुना गढूळ आहे. ते २६० आणि २८० दोन्हींतून वजा करा.

ब्लँक (शून्य लावायचं, डीएनए नसलेलं द्रावण) ज्या बफरमध्ये डीएनए उतरवला त्याचाच हवा. टीई (ट्रिस-ईडीटीए) बफरमधलं ईडीटीए २३० च्या भागात शोषतं, म्हणून तिथे पाण्याचा ब्लँक लावला की गुणोत्तर विनाकारण घसरतं. नमुना साध्या डिस्टिल्ड पाण्यात विरळ केलात, तर पाण्याच्या आम्लतेने २६०/२८० सुद्धा खाली येतं. १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८ ते ८.५ वापरा.

जेलवरच्या तफावतीचं कारण बहुधा आरएनए. तोही २६० लाच शोषतो, पण जेलमध्ये खाली धूसर पट्टा होऊन जातो. आरएनए तोडणारं आरएनेझ ए हे विकर घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा, पुन्हा किटच्या कॉलमवर (डीएनए धरून ठेवणाऱ्या छोट्या नळीवर) शुद्ध करा, मगच मोजा.

पीसीआरसाठी एक सोपी परीक्षा : नमुना १० पट विरळ करून लावा. बँड आला तर अडथळा आणणारा पदार्थ होता हे नक्की. पुढच्या वेळी पेशी फोडण्याच्या बफरमध्ये १ ते २ टक्के पीव्हीपी (पॉलिफिनॉल बांधून ठेवणारा पॉलिमर) घाला. इथेनॉलच्या वॉश बफरने कॉलम दोनदा धुवा आणि नवी नळी लावून रिकामा कॉलम सेंट्रिफ्यूजमध्ये दोन मिनिटं फिरवा. हा रिकामा फेरा वाचवू नका; राहिलेलं इथेनॉलही पीसीआर बिघडवतं.

प्रश्न : साध्या काचेचा क्युवेट २६० ला चालेल का?

उत्तर : नाही. काच साधारण ३४० च्या खाली प्रकाश अडवते, नेहमीचं पॉलिस्टायरीनही तसंच. क्वार्ट्‌झचा किंवा अतिनील प्रकाशासाठी बनवलेल्या खास प्लॅस्टिकचा हवा.

प्रश्न : पोटॅशियम परमँगनेटची ०.१ ते १ मिलिमोलर प्रमाण द्रावणं ५२५ नॅनोमीटरला मोजली. आलेख वरच्या टोकाला आडवा होतो. शोषण सांद्रतेच्या प्रमाणात वाढतं, हा बिअरचा नियम इथे लागू नाही का? (बी.एस्सी., सातारा)

उत्तर : नियम लागू आहे, उपकरणाची मर्यादा आडवी येते. शोषण २ म्हणजे नमुन्यातून फक्त १ टक्का प्रकाश पार होतो. उपकरणात १ टक्का भटका (निवडलेल्या तरंगलांबीबाहेरचा) प्रकाश असेल तर डिटेक्टरला जवळजवळ दुप्पट प्रकाश दिसतो आणि २ च्या जागी १.७ वाचलं जातं. तुमचं १ मिलिमोलर द्रावण २ च्याही पुढे जातं. ०.०५ ते ०.४ मिलिमोलर एवढीच द्रावणं ठेवा. रीडिंग १ च्या आत राहील. दिवा लावल्यावर अर्धा तास थांबून मगच शून्य करा. द्रावण ताजं हवं आणि ते फिल्टर पेपरमधून गाळू नका. कागदाशी परमँगनेटची अभिक्रिया होते. क्युवेटच्या आत तपकिरी थर दिसला तर तो मँगनीज डायऑक्साइड. त्यामुळे पुढची सगळी रीडिंग वर सरकतात. सौम्य आम्लात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून धुतलं की थर लगेच जातो. नंतर क्युवेट डिस्टिल्ड पाण्याने तीनदा आणि भरण्याआधी त्याच द्रावणाने एकदा खळबळून घ्या.