विचारा, सांगते : सगळ्यात वरच्या रांगेचं तिकीट

प्रश्न : ताई, माझी भाची सोलमध्ये शिकते. आययू या गायिकेचा पुढचा स्टेडियम कॉन्सर्ट लागला की मिळेल ते तिकीट घेणार म्हणते, अगदी शेवटच्या रांगेचंसुद्धा. तिथून ती बाई मुंगीएवढी दिसणार. बघायचं ते पडद्यावरच, तर मग घरी बसून का नको? तुम्ही तिथे राहत होतात, गेलाही होतात म्हणे.

उत्तर : मावशी, मुंगी म्हणजे जरा जास्तच झालं, तांदळाचा दाणा म्हणा. सप्टेंबर २०२२मध्ये सोलमधल्या जामशिलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये मी वरच्या मजल्यावर, मंचासमोरच्या टोकाला बसले होते. १९८८चं ऑलिंपिक झालं ते हेच मैदान. एकटीच्या नावावर इथे कार्यक्रम करणारी आययू ही पहिली कोरियन गायिका. दोन दिवसांत ८५ हजारांच्या आसपास माणसं आली होती. खुर्चीवर आधीच एक उशी ठेवलेली होती, प्रत्येकासाठी. तीन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघा, म्हणजे त्या उशीची किंमत कळेल. माझी अजून घरात आहे.

दिसण्याचं दुःख पहिल्या दहा मिनिटांत संपतं. खरी गंमत आणि खरी गैरसोय, दोन्ही कानाच्या. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून दीडशे मीटरवर बसलात तर पडद्यावर तिचे ओठ मिटतात आणि शब्द जवळजवळ अर्ध्या सेकंदाने येतो. म्हणून मध्येमध्ये स्पीकरचे खांब उभे करतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे मंचाकडून येणाऱ्या आवाजाशी त्याचा मेळ बसतो. पण हजारो लोक एकदम तिचं नाव पुकारतात त्याला कोण थोपवणार? समोरच्या बाजूची आरोळी आमची संपत आल्यावर यायची, लाट किनाऱ्याला उशिरा लागावी तशी. घरच्या पडद्यावर हे मिळत नाही हो.

गाणाऱ्या माणसाला हाच घोळ जीवघेणा, कारण स्वतःचा आवाज भिंतींवर आपटून उशिरा परत येतो. म्हणून ते कानात छोटं यंत्र घालून गातात, त्यात स्वतःचा आवाज थेट ऐकू येतो. आययूने त्याच मंचावरून सांगितलं की तिला कानाचा त्रास आहे. त्यानंतर प्रत्येक गाण्याला माझं लक्ष तिच्या सुरापेक्षा कानाकडे जाणाऱ्या हाताकडेच.

आणि मुंगीचं म्हणाल, तर एका गाण्याला ती चंद्रासारख्या गोल फुग्याखाली बसून प्रेक्षकांच्या डोक्यावरून फिरली. वरच्या मजल्याचे आम्ही गरीब लोक अचानक तिच्याच उंचीला! माझ्या शेजारी चाळिशीतल्या एक बाई भाड्याने आणलेली दुर्बीण धरून होत्या. त्यांनी ती खाली ठेवली आणि नुसता हात हलवत राहिल्या.

भाचीला दोनच गोष्टी सांगा. शक्य तर मंचाच्या बाजूची जागा घे, थेट समोरच्या टोकाची नको. तिरकं दिसलं तरी चालेल, आवाज वेळेवर येतो. आणि दुसऱ्याच्या नावाचं तिकीट दामदुप्पट देऊन घेऊ नकोस. दारात ओळखपत्र बघतात. शिवाय आपोआप तिकिटं काढणाऱ्या संगणक प्रोग्रॅमने तिकिटं लाटून विकणं हा तिथे मार्च २०२४पासून गुन्हा आहे.

प्रश्न : अशा कार्यक्रमांनी फुटबॉलची मैदानं खराब होतात हे खरं का?

उत्तर : होतात. तिथलं गवत थंडीत खुलणारं, सोलच्या उन्हाळ्यात आधीच मलूल झालेलं. त्यावर आच्छादन घालून खुर्च्या मांडल्या की उजेड आणि हवा दोन्ही बंद. पण २०२४मध्ये जे झालं ते मला पटलं नाही. ५ सप्टेंबरला सोल वर्ल्ड कप स्टेडियमवर कोरिया-पॅलेस्टाईन सामना ०-० सुटला, गवतावरून ओरड झाली, आणि लोक मागणी करू लागले आययूचा कार्यक्रम रद्द करा म्हणून. तिचा कार्यक्रम होता २१ आणि २२ सप्टेंबरला! जो झालेलाच नाही त्याने गवत कसं मारलं? त्याच वर्षी मे महिन्यात लिम यंग-उंग या गायकाने गवतावर एकही खुर्ची न मांडता तिथेच दोन दिवस कार्यक्रम केला होता, म्हणजे मार्ग निघतो. शेवटी पालिकेने ठरवलं की २०२५पासून गवतावरच्या जागा विकायच्या नाहीत.

आययूचा कार्यक्रम झाला, दोन दिवसांत लाखभर लोक आले. आधी तिने आसपासच्या इमारतींत, आवाजाचा त्रास होईल म्हणून, कचऱ्याच्या पिशव्या वाटल्या. हसू नका. सोलमध्ये कचरा पालिकेच्या ठरावीक पिशवीतच टाकावा लागतो आणि ती विकत घ्यावी लागते. माझ्या घरमालकीणबाई हे ऐकून दोन दिवस हळहळत होत्या, आपण त्या भागात का राहत नाही म्हणून.